हिंगलाजची वाट आणि पाण्याचे व्रत

नवरात्रात घरोघरी देवीचा गोंधळ घातला जातो, तेव्हा गोंधळी संबळाच्या ठेक्यावर एकेका देवीला तिच्या गावाचे नाव घेऊन पाचारण करतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, सप्तशृंग ही नावे कानी पडताच श्रोत्यांच्या दृष्टीपुढे घाट, पायऱ्या आणि दीपमाळा उभ्या राहतात. कारण त्या वाटा बहुतेकांच्या पायांखालच्या असतात. परंतु महाराष्ट्रात अशीही कितीतरी घराणी आहेत, की ज्यांच्या कुलदेवीचे मूळ ठाणे त्यांच्या घरातील दोन-तीन पिढ्यांत कोणीही पाहिलेले नाही. भावसार क्षत्रिय समाजाची हिंगलाजमाता, जिला हिंगुलांबिका असेही म्हणतात, ती अशी देवी होय. राजस्थानातील चारण तिला आपली आद्य देवता मानतात. आपल्या कोकणात चौलच्या डोंगरावर तिचे स्थान आहे. मूळ पीठ मात्र बलुचिस्तानात, कराचीपासून पश्चिमेस सुमारे २५० कि.मी. अंतरावर, मकरान किनाऱ्याच्या उजाड डोंगरांत हिंगोल नदीकाठी आहे. पुढे १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि ते पाकिस्तानात राहिले.

या पीठाची कथा सर्वांस ठाऊक आहे. दक्षाच्या यज्ञात सतीने देह ठेविला, शोकाकुल शंकर तो देह खांद्यावर घेऊन त्रैलोक्य हिंडू लागले, आणि त्या देहाचे अवयव जेथे जेथे पडले तेथे तेथे शक्तिपीठे झाली. शाक्त परंपरेप्रमाणे हिंगुला येथे सतीचे ब्रह्मरंध्र पडले. तेथील शक्तीचे नाव कोट्टरी आणि भैरवाचे नाव भीमलोचन. ‘हिंगुल’ या संस्कृत शब्दाचा अर्थ हिंगूळ, म्हणजे शेंदरी-तांबड्या रंगाचे खनिज. देवीची येथे घडविलेली मूर्ती नाही. एका नैसर्गिक गुहेत शेंदराने माखलेली शिळा आहे, तीच देवी.

आता क्षणभर विचार करावा. ब्रह्मरंध्र म्हणजे मस्तकाचे ते द्वार, जेथून अमृत पाझरते असे योगशास्त्र सांगते. अमृताचे स्थान ज्या भूमीवर पडले, ती भूमी मात्र पाण्याच्या थेंबाला मोताद! या विसंगतीतच या तीर्थाचे मर्म साठविलेले आहे, असे मला वाटते. हिंगलाजची यात्रा ही प्रथमपासून अखेरपर्यंत पाण्याची यात्रा होती. नदीत बुडी मारण्याची नव्हे, तर घोटघोट मोजण्याची.

वाट कशी होती?

आज जो हमरस्ता आहे, तो नव्हता तेव्हाची ही गोष्ट. यात्रेकरू कराचीत एकत्र जमत. त्यांचा पुढारी असे तो छडीदार. त्याच्या हाती देवीची छडी असे. ती पुढे चालली की तांडा चाले आणि ती वाळूत रोवली की मुक्काम पडे. छडीदाराबरोबर उंटवाले असत, आणि ते बहुधा बलुच मुसलमान. हब नदी ओलांडली की वस्तीचा प्रदेश मागे पडे. मग सोनमियानीच्या बाजूने, एका हाती अरबी समुद्र आणि दुसऱ्या हाती बोडके डोंगर, अशी वाळूची वाट सुरू होई. समुद्र दिसावा, त्याची गाज ऐकू यावी, आणि त्यातील एक ओंजळही पिता येऊ नये, असा तो प्रवास! दिवसाकाठी २०-२५ कि.मी. चाल धरली, तर केवळ जाण्यासच दहा-बारा दिवस होतात. ऊन टाळण्यासाठी वाटचाल शक्यतो रात्री अथवा पहाटे करावयाची आणि दिवसा कापडाच्या आडोशाला पडून राहावयाचे.

वाळवंटात अंतर कोसांनी मोजीत नाहीत, विहिरींनी मोजतात. या प्रदेशात पाऊस वर्षाकाठी फारच थोडा, तोही लहरी. कोरड्या ओढ्यांच्या पात्रात खड्डे घेऊन जे मचूळ पाणी लागे, त्यावरच पुढचा टप्पा अवलंबून असे. कडक उन्हात चालणाऱ्या माणसाला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागते. पाच दिवसांचे पाणी घ्यावयाचे म्हटले, तर एका माणसापाठी चाळीस-पन्नास किलो ओझे होते. ते कोणाच्याच खांद्याला पेलणारे नाही. उंटावर पखाली लादल्या, तरी उंटाच्या पाठीलाही मर्यादा आहे. उंटाचे सामर्थ्य त्याच्या तहानेच्या सहनशीलतेत असते. तो कित्येक दिवस पाण्यावाचून चालतो आणि पाणी भेटले की थोडक्या मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पिऊन घेतो. माणसाला ही देणगी नाही. म्हणून विहीर कोठे आहे, कोणती आटली, कोणती खारट झाली, हे जाणणारा बलुच उंटवाला हाच त्या वाटेवरचा खरा ज्योतिषी. कुलदेवीच्या दर्शनाला निघालेल्या हिंदूचा प्राण अन्य धर्माच्या माणसाच्या स्मरणशक्तीवर टांगलेला असे, आणि तो उंटवालाही या देवीला ‘नानी’ म्हणत असे. आजही त्या प्रदेशातील मुसलमान या स्थानाला नानीचे मंदिर म्हणूनच ओळखतात. सिंधचे सूफी संतकवी शाह अब्दुल लतीफ यांनीही जोग्यांच्या संगतीत हिंगलाजची वाट तुडविली होती, अशी तेथील परंपरा आहे.

दोन शपथा

यात्रेच्या आरंभी छडीदार प्रत्येकाकडून दोन शपथा घेववीत असे. पहिली अशी, की परत येईपर्यंत मी संन्यस्त वृत्तीने राहीन. ही आपल्या परिचयाची आहे. पंढरीचा वारकरीही वाटेवर घर विसरतो. परंतु दुसरी शपथ ऐकून कोणाही सश्रद्ध गृहस्थाच्या अंगावर काटा उभा राहील. ती अशी, की माझ्या सुरईतील पाणी मी दुसऱ्या कोणालाही देणार नाही. पतीने पत्नीला नाही, आईने मुलाला नाही. बंगाली लेखक कालिकानंद अवधूत यांनी फाळणीपूर्व काळातील या वाटेचा ‘मरुतीर्थ हिंगलाज’ हा ग्रंथ लिहिला, आणि १९५९ मध्ये विकास राय यांनी त्यावर चित्रपट काढला. तेव्हापासून या शपथेची वार्ता भारतभर पोहोचली.

आपल्या धर्मात उदकदानासारखे दान नाही. अक्षय्य तृतीयेला आपण उदकुंभ देतो, चैत्र-वैशाखात रस्त्यारस्त्यावर पाणपोया घालतो, दारी आलेल्याला आधी पाणी विचारतो आणि मग नाव. हाच धर्म तीर्थाच्या वाटेवर म्हणतो, की पाणी देऊ नकोस? हा धर्म की अधर्म? कीर्तनाच्या पूर्वरंगात घ्यावा असाच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सवंगपणे देऊन चालणार नाही.

याच वाळवंटातील दुसरी एक पाण्याची गोष्ट प्रथम पाहू. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये शिकंदर भारतातून परतताना सिंधूच्या मुखाकडून याच मकरानमधून पश्चिमेस निघाला. ग्रीक लोक या प्रदेशाला गेड्रोशिया म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या एरियन या इतिहासकाराने त्या वाटचालीचे वर्णन केले आहे. समुद्रातून जाणाऱ्या नियार्कसच्या आरमारासाठी किनाऱ्यावर विहिरी खोदाव्या आणि अन्न साठवावे, हा एक हेतू होता. पण राणी सेमिरामिस आणि सायरस यांची सैन्ये जेथे नष्ट झाली, तेथून आपण सैन्य पार नेऊन दाखवावे, ही ईर्ष्याही होती. साठ दिवस ती सेना चालत होती. वाळूत गाडे रुतले, सैनिकांनी ओझ्याची जनावरे मारून खाल्ली, मागे पडलेल्यांना उचलावयास कोणी उरले नाही. पाणी दिसले की माणसे चिलखतासह त्यात उडी घेत आणि अतोनात पिऊन मरत. म्हणून शिकंदराने छावणी पाण्यापासून वीस स्टेडिया, म्हणजे सुमारे साडेतीन कि.मी. दूर ठेवण्याचा नियम केला. आणि दैवाची क्रूरता अशी, की एका रात्री दूरच्या डोंगरात पाऊस पडून कोरड्या ओढ्याला अकस्मात लोंढा आला, आणि तहानेने व्याकुळ झालेल्या त्या छावणीतील बायकामुले बुडून मेली!

याच प्रवासात काही सैनिकांनी एका उथळ खळग्यातील पाणी मोठ्या कष्टाने गोळा करून शिरस्त्राणात भरून राजाकडे आणले. शिकंदराने ते हाती घेतले, आणणाऱ्यांचे आभार मानले, आणि सर्वांच्या देखत वाळूवर ओतून टाकले. सैन्याला त्यामुळे असे बळ आले, की जणू ते पाणी प्रत्येकाने प्याले असावे, असे एरियन म्हणतो. ही गोष्ट थोर आहे यात संशय नाही. परंतु तिचा उत्तरार्ध विसरता कामा नये. जो राजा त्या दिवशी तहानलेला राहिला, त्यानेच आपल्या कीर्तीच्या लोभाने सहस्रावधी माणसांना त्या तहानेत आणून सोडले होते. ओतलेल्या पाण्याने राजाचा मान वाढला. मागे वाळूत पडलेल्याचा घसा ओला झाला नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या घरची. पैठणचे नाथमहाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले. वाटेत तापलेल्या वाळवंटात तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांनी पाहिले आणि रामेश्वराला वाहावयाचे ते गंगोदक त्याच्या मुखात ओतले. ही आख्यायिका महाराष्ट्रातील प्रत्येक आईने आपल्या लेकराला सांगितलेली आहे.

एकीकडे नाथांची कावड, दुसरीकडे हिंगलाजच्या यात्रेकरूची सुरई. एक म्हणते दे, दुसरी म्हणते देऊ नको. विरोध वरवरचा आहे. नाथांजवळचे पाणी हे देवाच्या अभिषेकाचे पाणी होते. त्यात त्यांचे पुण्य भरलेले होते. ते देताना त्यांनी आपले पुण्य दिले, आपल्या यात्रेचे फळ दिले. त्यामुळे दुसऱ्या कोणाच्या जिवावर ओझे पडले नाही. हिंगलाजच्या सुरईतील पाण्याची गोष्ट वेगळी. ते केवळ प्राणाचे पाणी. भावनेच्या भरात ते दुसऱ्याला देऊन मी वाळूत कोसळलो, तर मला कोणीतरी उचलले पाहिजे. उचलणाऱ्याचे पाणी दुप्पट वेगाने सरेल. आणि एकाच्या दयेपायी चौघे जातील. शपथेचा खरा रोख देणाऱ्यावर नाहीच, तो मागणाऱ्यावर आहे. दुसऱ्याच्या सुरईच्या भरवशावर घराबाहेर पडू नकोस, आपली तहान ओळख, आपले भांडे आपण भर, आपल्या पावलांचा हिशेब आपण ठेव, असे ती प्रत्येकाला बजावते. यात्रेत दुसऱ्यावर भार न होणे, ही तेथील पहिली भूतदया होती.

पाणी ज्याचे त्याचे, भाकर सर्वांची

हे माझे पांडित्य नव्हे, याची साक्ष त्याच यात्रेत पुढे मिळते. हिंगोलच्या अलीकडे चंद्रगुप्त, ज्याला कोणी चंद्रकूप म्हणतात, तो चिखलाचा डोंगर आहे. उंची सुमारे शंभर मीटर. त्याच्या माथ्यावरील कुंडात राखी रंगाचा थंड चिखल अहोरात्र बुडबुडत असतो. मकरानच्या किनाऱ्याखाली समुद्रतळाचा खडक भूभागाखाली दाबला जात आहे. त्या दाबाने वायू आणि पाणी मिसळलेला गाळ वर येतो आणि असे डोंगर बनतात. १९४५ च्या नोव्हेंबरात या किनाऱ्यावर जो प्रचंड भूकंप झाला, त्यावेळी समुद्रात अशाच चिखलाची बेटे वर आली होती, आणि त्या भूकंपाच्या लाटा थेट मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या. भाविक या डोंगराला शिवस्वरूप मानतात आणि त्याच्या अनुज्ञेवाचून देवीकडे जात नाहीत.

चंद्रगुप्तावर चढण्याच्या आदल्या रात्री पायथ्याशी रोट करण्याचा विधी आहे. प्रत्येक यात्रेकरू आपल्या शिध्यातील पीठ, तूप, गूळ देतो. ते सारे एका वस्त्रात घालतात, वस्त्राची टोके चौघे धरून ठेवतात, आणि जमिनीला न टेकविता ते मळतात. मग त्याचा एकच थोरला रोट करून निखाऱ्यावर भाजतात आणि रात्रभर जागतात. दुसऱ्या दिवशी तो नारळांसह चंद्रगुप्ताला अर्पण होतो. ज्या वाटेवर आई मुलाला पाणी देऊ शकत नाही, त्याच वाटेवर पन्नास अनोळखी माणसांचे पीठ एका वस्त्रात एकजीव होते! कोणाच्या गव्हाचा कण कोणता, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. पाणी ज्याचे त्याचे आणि भाकर सर्वांची, असा या तीर्थाचा कायदा आहे. संसारातही काही भार असे असतात, की जे ज्याचे त्यानेच वाहावे. आणि काही गोष्टी अशा, की ज्या एकट्याने खाणे हेच पाप. कोणता भार कोणता, हे न कळल्यामुळे घरे मोडतात.

रोटानंतर येते ते पापनिवेदन. डोंगरमाथ्यावर, कुंडाच्या काठी उभे राहून प्रत्येकाने आपले नाव-गाव सांगून आपली पातके सर्वांसमक्ष उच्चारावयाची आणि क्षमा मागावयाची. चिखल उसळला की क्षमा मिळाली, असे मानतात. जो पाप लपवील, त्याला तांडा पुढे नेत नसे. पाणी मोजून घेणाऱ्या या वाटेने मनातील ओझेही असे मोजून घेतले.

आपल्याकडील नाथसंप्रदायाला हा प्रसंग अपरिचित नाही. मालू कवीच्या ‘नवनाथभक्तिसार’ या ग्रंथात मच्छिंद्रनाथ या देवीच्या दर्शनाला जातात, तेव्हा द्वारावर अष्टभैरव त्यांना अडवितात आणि पापपुण्याचा जबाब मागतात. श्रावणात या ग्रंथाचे पारायण करणाऱ्या घरांनी ती कथा वर्षानुवर्षे वाचलेली आहे. पण ते द्वार मकरानच्या वाळवंटात खरोखर आहे आणि तेथे तो जबाब खरोखर द्यावा लागतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. कानफाटे जोगी पूर्वी हिंगलाजहून आले, की त्या यात्रेची खूण म्हणून ‘ठुमरा’ नावाच्या बारीक पांढऱ्या खड्यांची माळ गळ्यात घालीत. सोने नाही, रुद्राक्षही नाही, वाळवंटातील खडे! कारण त्या वाटेवरून माणूस दुसरे काय आणणार?

चंद्रगुप्तानंतर हिंगोल नदी लागते. बलुचिस्तानातील बहुतेक नद्या पावसाळा सरला की वाळूच्या रेघा होतात. हिंगोलला मात्र बारमाही पाणी असते, आणि तिच्या डोहांत मगरीही आहेत. इतक्या दिवसांच्या तहानेनंतर यात्रेकरू त्या पाण्यात स्नान करतो आणि मग गुहेत देवीपुढे उभा राहतो. अमृताचे पीठ निर्जल भूमीत का, या प्रश्नाचे उत्तर त्याला ग्रंथात शोधावे लागत नाही. ज्याने घोटघोट मोजला आहे, त्याला साधे पाणीच अमृत झालेले असते.

आजची वाट

हे सारे बदलले आहे. २००४ च्या सुमारास मकरान किनाऱ्याचा महामार्ग झाला आणि दहा-बारा दिवसांची वाट काही तासांवर आली. १९८६ मध्ये स्थापन झालेली हिंगलाज सेवा मंडळी चैत्रात, एप्रिलच्या सुमारास, चार दिवसांची यात्रा भरविते. २०२४ च्या यात्रेला लाखाच्या वर भाविक येतील, असा अंदाज वृत्तसंस्थांनी दिला होता. त्यांत बहुसंख्य सिंधमधील हिंदू. थरपारकरच्या रेताड भागातील शेतकरी आणि मजूर मोठ्या संख्येने येतात. काही जण आजही व्रत म्हणून पायी चालतात.

वाट सोपी झाली म्हणून तीर्थाचे तेज उणे झाले, असे म्हणणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. म्हाताऱ्या आईला, लंगड्या भावाला, तान्ह्या बाळाला जेथे जाता येत नव्हते तेथे आता जाता येते, याचा आनंदच मानला पाहिजे. सुरईची शपथ आता कोणाला घ्यावी लागत नाही. उलट रस्त्यावर भाविकच भाविकांना पाणी आणि अन्न देतात. संकटकाळचा नियम संकट सरल्यावर गळून पडला आणि उदकदानाचा मूळ धर्म पुन्हा वर आला, हे योग्यच झाले. आपद्धर्म हा आपत्तीपुरताच असावा, असे आपली शास्त्रे सांगत आली आहेत.

एक वाट मात्र सोपी झाली नाही. ती म्हणजे आपली. २००६ साली जसवंत सिंह यांनी राजस्थानातून मुनाबावच्या मार्गे भाविकांचा एक जथा खुष्कीच्या वाटेने हिंगलाजला नेला, तेव्हा अनेक घराण्यांनी आपल्या कुलदेवीची पायवाट पुन्हा उघडल्याचा आनंद मानला. पण ते दार कायमचे उघडले नाही. आता वाळवंटापेक्षा मोठा अडसर सीमेचा आहे, आणि तेथे उंटवाल्याच्या ज्ञानाचा काही उपयोग नाही.

ज्यांची कुलदेवी हिंगलाज आहे, त्यांनी यंदाच्या नवरात्रात वायव्येकडे तोंड करून जरूर हात जोडावेत. दर्शन न घडल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही; त्या यात्रेतले जे मुख्य आचरण, त्याला पारपत्र लागत नाही. आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर न टाकणे, आपले पीठ सर्वांच्या वस्त्रात घालणे, आणि आपली चूक चारचौघांसमक्ष आपल्या तोंडाने सांगणे, ही तिन्ही व्रते घरातल्या घरात करता येतात. आणि आता पाण्याला तोटा नाही, तेव्हा चौथेही करावे. येत्या चैत्रात आपल्या दाराबाहेर एक रांजण भरून ठेवावा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचे नाव न विचारता पाणी द्यावे.